उरेब इंच

आमच्या घरात पडद्याचा आकार निवडायची पहिली वेळ आली तेव्हा मी चौदा इंच निवडला, आणि पुढची सतरा वर्षं ऐकून घेतलं.

ती गोष्ट टीव्हीची. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. दुकानात वीस इंचीही ठेवलेला होता. पण माझं आर्वीत कापडाचं दुकान, आणि कापडवाल्याची एक खोड असते. कोणी दारातून आत आलं की त्याच्या अंगावरून नजर फिरवून तो मनातल्या मनात ‘सव्वादोन मीटर’ म्हणून मोकळा होतो. मी आमच्या खोलीवरूनही तशीच नजर फिरवली. दहा बाय बाराची खोली, माणसं तीन, त्यातलं एक दीड वर्षाचं. चौदा इंच भरपूर झाले. टीव्ही घरी आला, खोक्यातून निघाला, आणि बायको म्हणाली, "अहो, हा टीव्ही आहे का टीव्हीचं सँपल?"

त्या दीड वर्षाच्या माणसाला मात्र टीव्ही फार आवडला. मुलगी पुढे बोलायला लागली, शाळेत जायला लागली, तरी तिची टीव्ही बघायची जागा एकच, काचेपासून हातभर अंतरावर. "मागं सर," म्हटलं की म्हणायची, "मागून दिसत नाई, बाबा." मला वाटायचं पोरगी लाडात बोलते. पाचवीत असताना बाईंनी चिठ्ठी पाठवली की हिला फळ्यावरचं वाचता येत नाही. लग्नसराईचे दिवस होते, दुकान सोडवेना, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे बायकोच तिला वर्ध्याला घेऊन गेली. संध्याकाळी दोघी परत आल्या. पोरीच्या नाकावर तपकिरी काडीचा चष्मा. बायको पिशवी ठेवत एवढंच बोलली, "पाहा आता, तुमचा चौदा इंची."

मी हसलो. काहीतरी उत्तरही दिलं असेन. पण ते वाक्य शर्टात राहिलेल्या टाचणीसारखं आत राहिलं. दरवर्षी पोरीचा नंबर वाढायचा, आणि दरवर्षी टाचणी टोचायची. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. दुकानदार माणूस आपलं चुकलेलं माप असं चारचौघांत सांगत नसतो.

तर ही पोरगी पुढे नागपूरला इंजिनीअरिंगला गेली, हॉस्टेलवर राहिली. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी आली आणि म्हणाली, लॅपटॉप लागणार आहे. मी लगेच म्हटलं, घेऊ. आणि मोठा घेऊ.

"मोठा नको, बाबा. बारा इंची पाहिजे."

"बारा?" मला टीव्हीचे चौदा आठवून घाम फुटला. "अवं, बारा इंचात काय दिसते? पाटीसारखा होईन तो!"

"हलका राह्यते."

"हलका काऊन पाहिजे तुले? तुले का लग्नात आहेर म्हणून वाटायचा आहे तो?"

"आणि मोठा काऊन पाहिजे तुमाले?"

"चारचौघांत शोभला पाहिजे," मी म्हटलं. साफ खोटं. शोभेचं मला काही पडलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर काचेला नाक लावून बसलेली ती पाच वर्षांची पोर होती. आता पुन्हा तिच्या समोर लहान काच ठेवायची, तीही पैसे देऊन, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. एकदा चुकलो होतो, दुसऱ्यांदा चुकायचं नव्हतं.

ती ‘हलका’ सोडून दुसरं कारण सांगेना. मी ‘शोभा’ सोडून दुसरं सांगेना. फराळाच्या ताटावर दोन दिवस हेच. बायको शिलाई मशीनवर बसून ब्लाऊजच्या गळ्याला पट्टी लावत ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "दोघंबी एकाच ताग्यातले."

शेवटी तिघंही एसटीने वर्ध्याला निघालो. नागपूरला कितीतरी दुकानं होती, पण तिथे मी भांडायला लागलो तर सोडवायला ओळखीचं कोणी नसतं. वर्ध्यात निदान चार व्यापारी तोंडओळखीचे. वाटेतली आंजी येईपर्यंत मी पोरीला मोठ्या पडद्याचे फायदे सांगितले. आंजीला ती झोपली. खरंच झोपली की झोपल्याचं सोंग, हे मला अजून माहीत नाही.

दुकानदार टाय लावलेला, तरुण. त्याने काचेच्या टेबलावर दोन लॅपटॉप उघडून ठेवले. "काका, हा मोठा, पंधरा पॉइंट चार. आणि हा बारा पॉइंट एक. लहानवाला थोडा महाग आहे."

"लहान आणि महाग?" मी बायकोकडे पाहिलं. "कापड कमी अन् भाव जास्त?"

"काऊन, ब्लाऊजले कापड कमीच लागते ना?" बायको म्हणाली. "शिलाई पाहा मंग."

तिचं खरं होतं, म्हणून मी तो मुद्दा सोडला आणि खिशातून टेप काढला. हसू नका. कापडवाल्याच्या खिशात टेप असतोच. लग्नाच्या पंगतीतही असतो. ताग्याचा पन्हा, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंतची रुंदी, स्वतः मोजल्याशिवाय मी गिरणीचा शिक्कासुद्धा मानत नाही. मी मोठ्या लॅपटॉपच्या पडद्यावर टेप आडवा धरला. पुन्हा धरला. मग खिशातला जवळचं वाचायचा चष्मा लावून तिसऱ्यांदा धरला.

"साहेब, हे तेरा भरते."

"काय, काका?"

"पंधरा पॉइंट चार म्हणता ना तुम्ही? पन्हा तेराच आहे. सव्वादोन-अडीच इंच कुठं गेले? आटला काय? पहिल्या धुण्यात?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. मला चेव चढला. मी लहानही मोजला. तो सव्वादहा. "पाहा! हा तर दोन इंच कमी! कापडाच्या धंद्यात असं माप दिलं तर लोक दुकानासमोर उभं राहू देत नाईत, साहेब!"

"बाबा…" पोरगी दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाली. दुकानदार इंग्रजीत काहीतरी समजावायला लागला. मी समजून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतो. तेवढ्यात बायकोने माझ्या हातातला टेप घेतला, पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला एक टोक धरलं आणि दुसरं खालच्या उजव्या कोपऱ्याकडे तिरपं ओढलं.

"अहो, उरेब आहे ते. उरेब मोजतेत हे लोक. पाहा, बरोबर पंधरा अन् वर थोडंसं."

शिवणकाम करणाऱ्या घरात ‘उरेब’ सांगावं लागत नाही. काठाला धरून सरळ न कापता कोपऱ्यातून तिरपं कापलं की ते उरेब. गळ्याची पट्टी तशीच कापतात, म्हणून ती वळते, ताणते, नीट बसते. तीस वर्षं कापड विकणाऱ्याला हे माहीत होतं. फक्त काच उरेब मोजतात हे माहीत नव्हतं. दुकानदाराने पाणी मागवलं. मला वाटतं ते त्याने स्वतःसाठी मागवलं होतं, पण आधी मला दिलं.

माझं डोकं थंड होईपर्यंत पोरीने एक वेगळंच काम काढलं. तिने दुकानदाराकडून बॅग मागून घेतली, मोठा लॅपटॉप त्यात घातला, एका स्टुलावर बसली आणि बॅग मांडीवर घेतली. मग आईची डब्याची पिशवी उचलून दोन पायांमध्ये ठेवली. खांदे आकसून इकडे-तिकडे हलून पाहिलं. बॅगचं एक टोक शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मांडीला लागलं.

"हे काय करून राह्यली तू?"

"एसटीची सीट," ती म्हणाली. मग तिने मोठा काढून लहान घातला आणि पुन्हा तसंच केलं. बॅग तिच्या पोटाशी गपकन बसली. वर हात मोकळे राहिले. "हा येते, बाबा. हा घेऊन मले दर शनिवारी घरी येता येते."

मी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला.

"हॉस्टेलवर ठेवून आली तर सारं ध्यान तिकडंच राह्यते. चोऱ्या होतेत. माह्या रूममेटचा मोठा आहे, तर थे जातच नाई घरी. महिना-महिना नाई जात. सबमिशन असते म्हणते. तळेगावले गाडी बदलली का उभ्यानं यावं लागते कधी कधी. उभ्यानं मोठा घेऊन येईन काय मी?" मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही ‘नको येऊ, अभ्यास कर’ म्हटलं असतं. म्हणून नाई सांगतलं."

म्हटलंच असतं मी. आणि मग शनिवारी पाचच्या गाडीच्या वेळी उगाच दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिलो असतो.

"पण तुहे डोळे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"डोळ्याचं काय?"

"लहान काचेनंच लागला ना चष्मा. त्या टीव्हीनं."

पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. मग आईकडे बघितलं. "आई, तू बाबाले सांगतलं नाई कधी?"

बायको टेप गुंडाळत होती. फार काळजीपूर्वक गुंडाळत होती.

"काय सांगतलं नाई?" मी विचारलं.

"डॉक्टर तवाच म्हणले होते, हा घराण्यातून आलेला आहे," पोरगी म्हणाली. "दिसत नव्हतं म्हणून मी टीव्हीजवळ बसत होती, बाबा. टीव्हीनं नाई लागला. मामांकडं पाहा ना, तिघंबी चष्मेवाले."

मी नुसत्या बोटांनी चाचपून कापडात टेरिलीन किती ते सांगतो. तीन मेहुण्यांच्या नाकावरचे तीन चष्मे मला वीस वर्षांत दिसले नव्हते.

"दहा वर्षं!" मी बायकोला म्हटलं. "दहा वर्षं तू मले ऐकवून राह्यली!"

"मंग काय सांगू, माह्या माहेरचा आहे म्हणून?" ती म्हणाली. "तुमच्या मायनं काय म्हटलं असतं? आणि टोमण्याले बरा होता तो टीव्ही." एवढं बोलून तिने टेप माझ्या खिशात घातला आणि खिशावर दोनदा थापटलं. आवाज जरा खाली आणून म्हणाली, "तुमी मनाले लावून घेतलं, हे मले का माईत? तुमी हसले होते."

दुकानदाराने विचारलं, "काका, मग कोणता देऊ?"

"जो मांडीवर बसते तो," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली, बॅग पोटाशी धरून. आंजी आली तरी यावेळी झोपली नाही. बायकोने नंतर त्या लॅपटॉपसाठी शर्टिंगच्या उरलेल्या तुकड्यांची जाड पिशवी शिवली आणि तिच्या काठाला उरेब पट्टी लावली. दुकानदाराची बॅग मी दुकानात टेप आणि कात्र्या ठेवायला घेतली.

सुट्टी संपून ती गेली त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी मला बसस्टँडजवळ काम निघालं. काय काम, ते बायकोने विचारलं नाही. गाडी गच्च भरलेली होती. पोरगी मागच्या दाराने उतरली, शर्टिंगची पिशवी छातीशी आडवी धरून, चष्मा घामाने घसरलेला.

घरी चहा झाल्यावर तिने हॉस्टेलचे फोटो दाखवायला लॅपटॉप पाटावर उघडला. बारा इंच, उरेब. तिघांना एकदम दिसेना. आम्ही सरकलो. पोरगी मधे, तिच्या एका खांद्याशी माझं डोकं, दुसऱ्या खांद्याशी बायकोचं.

"काय दिसते यात?" बायको मान वाकडी करून म्हणाली. "म्हणून राह्यली होती मी, थोडा मोठा घ्या."

ती असं कधीच म्हणाली नव्हती. मी जागचा सरकलो नाही.