विचारून गाणाऱ्या बाई

आमच्या बाई कुणाचंही गाणं विचारल्याशिवाय गात नसत. भोरच्या शाळेतून संगीतशिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी आम्हा बायकांचा संच बांधला. आम्ही जात्यावरच्या ओव्या स्टेजवर गायचो. नवी ओवी कानावर आली, की ती म्हणणारीच्या दारात बाई एसटीने हजर. मी एकदा म्हटलं, "लोकगीताला कसला मालक, बाई?"

"लोक म्हणजे कोण गं? त्यांना घरदार नसतं का?"

झालं. त्यांच्याशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नव्हतं.

वेल्ह्याकडे एका बौद्धवस्तीत सोनाबाई राहत. त्या आपल्या गेलेल्या लेकीची ओवी म्हणायच्या. ती ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. पुण्याच्या स्पर्धेत शेवट हिनेच करायचा, हे आम्ही परतताना ठरवूनही टाकलं. सोनाबाई मात्र एवढंच म्हणाल्या होत्या, "आदी तुमची तालीम बगते, मग सांगते."

त्या तालमीला आल्या. गरिबी दिसावी म्हणून आम्ही हौसेने ठिगळं लावलेली लुगडी नेसलो होतो. त्यांनी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जात्यावर बसताना म्या धुतलेलंच लुगडं नेसायची. ही सोंगं कुणाची काडलीत?"

बाईंनी सगळ्यांसमोर हात जोडले. "चुकलं आमचं."

"लुगडी बदलाल तुमी. पर ही माज्या लेकीची ओवी हाय. टाळ्यांसाठी न्हाई देणार म्या."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि ओवी कार्यक्रमातून गेली. स्पर्धा तोंडावर आलेली. आम्ही तोंडं फुगवून बसलो. चाल थोडी बदलून गाऊ, सोनाबाईंचं नाव घेणार नाही, असंही सुचवून पाहिलं. बाई पेटीवरून नजर न उचलता म्हणाल्या, "आवडलं म्हणून आपलं होत नाही."

पहिलं बक्षीस अर्थातच दुसऱ्यांना मिळालं. गाणं जीव तोडून बसवणारी माणसं मी खूप पाहिली. हातात आलेलं गाणं इतक्या सहज परत देणाऱ्या बाई एकट्याच. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, पण मनातून मी दिपून गेले होते. शिवाय सोनाबाईंकडे जाणं त्यांनी थांबवलं नाही. जायच्या, चहा घ्यायच्या, भाताची, गुडघ्यांची विचारपूस करायच्या. ओवीचा विषय नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शोकसभेचा निरोप घेऊन मी वेल्ह्याला गेले. ओवीचं नाव काढायची माझी छाती नव्हती. सोनाबाई उंबऱ्यावर टेकल्या.

"बाईंनी परत कदी मागितली न्हाई बग," त्या म्हणाल्या. "म्या येते. माज्या तोंडानं म्हणंन."

त्या आल्या आणि बाईंच्या फोटोपुढे बसून ओवी म्हणू लागल्या. सभागृहात हुंदके ऐकू येत होते. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मोबाईल वर धरला. मी त्यांचा हात हळूच खाली केला. रेकॉर्डिंगचं सोनाबाईंना कुणी विचारलं नव्हतं.