तळ्यातली अंबाडी

निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या वर्षी लग्न होऊन मी भालकी तालुक्यातल्या गावात आले. सासरे गावचे पाटील. सरकारनं गावतळ्यात माशांचं बी सोडलं होतं आणि राखण भोयांकडं दिली होती.

दसऱ्यानंतर एका सकाळी घागर घेऊन गेले, तर मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. दुसऱ्या दिवशी पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले. पाण्याला कुजका वास सुटला होता.

सासऱ्यांनी पारावर पंच बसवले. भोयांची म्हातारी समोर उभी होती.

"तुम्हीच कायतरी टाकलाव पाण्यात," सासरे म्हणाले.

"आपल्याच पोटावर आम्ही कामून पाय द्यावं, अप्पा?"

"मग मासे आपसूक मरायलेत व्हय?" असं म्हणून त्यांनी तिला तळ्यावर यायची बंदी केली. मला त्यांचंच खरं वाटलं.

मग बिदरहून मासेखात्याचा माणूस आला, तसं सारं गाव तळ्यावर जमलं. त्यानं वेगवेगळ्या जागचं पाणी बाटल्यांत भरून औषधाचे थेंब टाकले. तळ्याच्या मधल्या पाण्यात तपकिरी साका धरला, बाभळींकडच्या पाण्यात पांढराच राहिला.

"पांढरा म्हणजे पाण्यात हवा न्हाई," तो म्हणाला. "इधर कुछ सड रहा है."

एक गडी तिथं पाण्यात उतरला. दगडाखालून अंबाडीचे भारे निघाले, दोरांसाठी वाख काढायला भिजत घातलेले. भारे हिरव्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधले होते. ते लुगडं माझ्या सासूबाईंच्या अंगावर साऱ्या गावानं बघितलेलं. त्यांनी पदर तोंडावर ओढला. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले.

भारे सासऱ्यांनीच टाकायला सांगितले होते. अंबाडीनं पाणी मरतं हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते धोतर खोचून स्वतः पाण्यात उतरले आणि बंदीमुळं लांब बांधावर उभ्या असलेल्या म्हातारीकडं न बघताच म्हणाले, "चुकलं माझं."

"ते ऱ्हाऊ द्या, अप्पा. आधी राहिलेले भारे काढा, मासे मरायलेत," म्हातारी म्हणाली.

भोयांनी बाभळीच्या फांद्यांनी दिवसभर पाणी झोडपलं, वरच्या विहिरीचा पाट तळ्यात सोडला. निम्मे मासे वाचले.

त्यानंतर मी पाण्याला गेले की घाटावरच्या बायका बोलायच्या थांबत, बाजूला सरत, मला आधी घागर भरू देत. पाटलाची सून म्हणून पूर्वीही जागा मिळायचीच. आता मात्र त्या जागेची लाज वाटून मी अर्धी घागर भरूनच मागं फिरायची.