दोन वायरी आणि शेख सरांचा फोन

मंडळी, आज दुपारी माझ्या हातून एक मोठी चूक झाली.

गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे साठवणारा सर्व्हर आणि सगळे कॉम्प्युटर जोडणारा नेटवर्कचा स्विच यांच्यामधल्या दोन वायरी एकत्र जोडत होते, म्हणजे एक तुटली तरी दुसरीवर काम चालावं. सर्व्हरवर सेटिंग सेव्ह केलं आणि सर्व्हरच नेटवर्कवरून गायब! डॉक्टरांना पेशंटचे एक्स-रे दिसेनात.

मला हे काम शिकवणाऱ्या शेख सरांना सटाण्याला फोन लावला.

"स्विचवर दोन्ही पोर्टचा ग्रुप केलास का?"

दोन्ही वायरी मिळून एकच आहेत, हे स्विचलाही सांगावं लागतं; तेच राहिलं होतं. केला, आणि एक्स-रे उघडले.

"आता एक वायर काढून बघ."

"सर, भीती वाटते."

"मी आहे ना फोनवर. काढ."

काढली. काम चालूच राहिलं. मला रडूच आलं.

सर एका शब्दानेही रागावले नाहीत. तुमची चूक झाल्यावर असं शांतपणे फोनवर थांबणारं कोण आहे?