पुडीतल्या कांद्याशी काकांचं वैर

कांद्याचा मान राखण्यासाठी भांडायला माझ्या थोरल्या काकांसारखा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही. त्यांच्या गावी, अड्याळात, लोक हात जोडून जेवायला बसतात, काका आधी भाजीचा वास घेतात. कांदा निखाऱ्यात अख्खा भाजायचा, साल काळी पडली की सोलून पाट्यावर वाटायचा आणि मगच तो वांग्याच्या भाजीत घालायचा. यात तडजोड नाही. शहापूरला एका लग्नात आचाऱ्याने सुक्या कांद्याची पावडर थेट कडकडीत तेलात टाकली. ती करपली, भाजी कडू झाली. काका पंगतीतून उठले ते तडक मांडवामागे. "कांदा आहे का मंजन आहे हे?" असं आचाऱ्यावर खेकसून स्वतःच चुलीपुढे बसले आणि टोपलीभर कांदे भाजून नवी भाजी उतरवली. तोवर वऱ्हाड नुसता भात चिवडत ताटकळलं. नवरीचा बाप गयावया करत होता, तर काका त्यालाच झापायला लागले, "पोरीच्या लग्नात कोनी असा कांदा चारते का?"

काकू गेल्यावर मुलाने त्यांना साकोलीला आपल्या घरी, नातवंडांत नेलं. सूनबाई नोकरी करणारी, सकाळच्या घाईत भाजीत पुडीतला कांदा घालायची. काकांनी पहिल्याच घासाला ताट सरकवलं.

"मामाजी, मी कांदे भाजत बसली तर बस थांबणार आहे का माह्यासाठी?" ती म्हणाली. तिचंही खरंच होतं. पण काका ऐकतील तर ना! गॅलरीत शेगडी पेटवून कांदे भाजायला बसले, धूर वरच्या मजल्यावर गेला, घरमालक ओरडत आला. सून रडली. मुलगा चिडून म्हणाला, "बाबा, तुमच्या कांद्यापायी आता घर सोडू का आम्ही?" काकांनी पिशवी भरली आणि अड्याळची बस धरली.

त्या पावडरीचा मलाही संताप येतो, पण काकांचा त्याहून जास्त येतो. चिमूटभर भुकटीवरून कोणी नातवंडं सोडून येतं का? हेच सुनावायला मी परवा अड्याळला गेलो. काकांनी मला बोलूच दिलं नाही, हात धरून जेवायला बसवलं. भाजी फक्कड झाली होती, आणि केली होती पातेलंभर. मी पुरे म्हणत ताटावर हात धरला, तो त्यांनी हळूच बाजूला केला.

"खाय ना बाबू," पुन्हा वाढत ते म्हणाले. "सांजच्याले कोन आहे येथं खायाले?"