शेजारणीची दृष्ट

जयवंतीबाईंना कनकाच्या रोपांचा हेवा वाटत होता. उगाच नाही कशाला म्हणायचं? बी तर त्यांचंच होतं! कोल्हापूरकडच्या माहेरच्या परसातल्या लवंगी मिरचीचं, आईनं जाण्याआधी पुडीत बांधून दिलेलं शेवटचं बी. अनंतराव बँकेतून निवृत्त झाले, इकडे तमिळ मुलखात वेलचेरीत फ्लॅट घेतला, तरी नवराबायकोला ठेचा त्याच मिरचीचा हवा. मिरवायची हौस म्हणून अर्धं बी बाईंनी समोरच्या कनकाला दिलं. कनकाचं घराणं तंजावरकडचं मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. कसली दुर्बुद्धी सुचली!

बाहेरचं ऊन कोवळ्या रोपांना सोसत नाही, म्हणून दोघींनी स्वयंपाकघराच्या खिडकीत, नारळाच्या भुशात बी पेरलं. जयवंतीबाईंनी मायेनं सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. रोपं बुडाशी कुजून आडवी झाली. कनका मात्र भुसा सुकल्याशिवाय पाण्याला हात लावत नसे. तिची रोपं ठेंगणी, हिरवीगार, नुसती माजलेली. त्यात अनंतराव रोज ती बघायला जात, कॉफी पिऊन येत आणि "काय जोम धरलाय!" म्हणत. बाईंचा जळफळाट होई.

"मग तिथंच जेवा," त्या म्हणत.

एके सकाळी कनका दारात उभी.

"अक्का, रोपं माना टाकताहेत हो! दृष्टी लागली कोणाची तरी. तुम्ही मोठे, तुम्हीच काढा."

जयवंतीबाई तशाच तिच्या स्वयंपाकघरात धावल्या. हीही गेली तर आईची मिरची संपलीच. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन त्यांनी रोपांवरून ओवाळल्या. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची..." पुटपुटता पुटपुटता त्या थांबल्या.

"शेजारणीची म्हणायचं राहिलं, अक्का," कनका सहज म्हणाली.

त्यांनी तेही म्हटलं आणि मूठ तापल्या तव्यावर टाकली. मिरच्या जळताना खोकला आला तर दृष्ट नव्हती, नाही आला तर जबर लागलेली, हे दोन्ही घरांत ठाऊक होतं. मिरच्या काळ्या पडल्या, धूर झाला, पण ठसका काही लागेना. कनका काळजीनं तव्याकडे बघत होती.

जयवंतीबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या जोरजोरात खोकू लागल्या.

"अक्का," कनकानं विचारलं, "तुम्हालाच कसा आला खोकला?"