पिंप्राळ्यात बसून नैरोबीतलं घर निवडताना

आई गेल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी नवऱ्याने फोनवर विचारलं, "तुला कुठे राहायला आवडेल?"

तो तेव्हा नैरोबीत होता. ठिबक सिंचनाच्या कामातली नोकरी मिळाली म्हणून थंडीत पुढे गेला होता आणि कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये राहत होता. माझा व्हिसा यायचा होता. मी जळगावला, पिंप्राळ्यातल्या आमच्या भाड्याच्या घरात. सोबत नाना, म्हणजे माझे वडील. आईचं सगळं उरकल्यावर मीच त्यांना धरणगावहून घेऊन आले होते. धुळ्याला भावाकडे जायचं ठरलं होतं, पण भाऊ नवा फ्लॅट घेत होता. त्याचा ताबा मिळेपर्यंत ते माझ्याकडे.

"कुठेही चालेल. तुम्ही ठरवा," मी म्हणाले.

"मी दिवसभर साइटवर असणार. घरात तू असणार. मी काय ठरवू?"

तो चिडला नव्हता, पण थकला होता. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं. आईला अग्नी दिला तेव्हाही मी रडले नव्हते. बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, हिला रडवा गं कोणी तरी. मी त्यांना चहा करून द्यायचे.

मग तो सुट्टीच्या दिवशी घरं बघायला निघायचा आणि व्हिडिओ कॉल लावायचा. आमच्याकडे दुपारची जेवणं होत आलेली, त्याच्याकडे सकाळ. पंखा फुल करून मी आणि नाना पलंगावर बसायचो. फोन उशीला टेकवलेला.

पहिलं घर किलिमानी भागात. उंच इमारत, लिफ्ट, खाली पोहण्याचा तलाव. बाहेरदेशांतून आलेली बरीच माणसं तिथे राहतात, असं त्याला ऑफिसात सांगितलं होतं. नवरा एकेक खोली दाखवत होता. मी "हं, हं" म्हणत होते.  नाना एकदम पुढे वाकले.

"जवाईबापू, शेजारी कोन शे?"

"माहीत नाही नाना. दार बंद आहे. इथे कोणी कोणाला ओळखत नाही म्हणतात."

"मंग हाक मारी तर कोन ई?"

हाकेला कोण येणार हे न सांगता नवरा बाल्कनी दाखवू लागला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच दुधी कापायला घेतला. आई धरणगावच्या घरात ओट्यापाशी पडली तेव्हा नाना शेतात होते. फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला होता. शेजारची बाई विरजण मागायला आली तेव्हा कळलं. आईने हाक मारली होती की नाही, ते कोणालाच माहीत नाही. दुधी कापता कापता हे सगळं मला आठवलं, आणि मी त्याच्या फोडी सारख्या आकाराच्या करत राहिले.

दुसरं घर पार्कलँड्समध्ये. इथे मात्र सगळे खूश झाले. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले गुजराती लोक, जवळच देऊळ, पिठाची गिरणी, दुकानात मेथी आणि ओली हळदसुद्धा. भाऊ धुळ्याहून फोन करून म्हणाला, "आता विचार कसला करतेस? आपलीच माणसं आहेत." नवरा तर ॲडव्हान्स देऊनच टाकतो म्हणत होता. घरमालकीण वयस्कर होती. तिने त्याच्या हातातून फोनच घेतला. गोल चेहरा, चष्मा, खूप प्रेमळ. गुजराती आम्हाला खानदेशातल्यांना परकी नाही. ती बोलत होती आणि मला सगळं समजत होतं. किती शिकलीस, स्वयंपाकात काय काय येतं, कधी येतेस. मग तिने विचारलं, "मम्मी मजामां छे ने?"

"मजामां छे," मी म्हणाले. आई मजेत आहे.

ती हसली, म्हणाली, त्यांना पण घेऊन ये एकदा फिरायला. मी हो म्हटलं.

फोन बंद झाल्यावर नानांनी तो उशीवरून उचलून माझ्या हातात दिला. मला वाटलं रागावतील. मला स्वतःलाही कळत नव्हतं मी असं का बोलले. ते सावकाश म्हणाले, "ते घर ऱ्हाऊ दे. तठे तुले रोज खोटं बोलनं पडी, पोरी."

मी नवऱ्याला तेवढंच कळवलं, हे नको. कारण सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही, पण आठवडाभर त्याचे फोन फार थोडक्यात आटपायचे.

तिसरं घर साउथ बी भागातलं. त्याच्या कंपनीच्या गोदामापासून जवळ. साधी चार मजली इमारत, जिन्यात सायकली, गच्चीत पाण्याच्या टाक्या. आपलं कोणी नाही, सगळी तिथलीच नोकरदार माणसं. ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याने त्याला सांगितलं होतं की बायकोला इथे करमणार नाही.

"पानी रोज येस का?" नानांनी विचारलं.

"एक दिवसाआड. आपल्या जळगावसारखंच."

"आनि शेजारी?"

या वेळी नवऱ्याने सरळ समोरचं दार वाजवलं. डोक्याला कापड बांधलेल्या एका उंच बाईने ते उघडलं. निवृत्त नर्स होती. नवऱ्याने इंग्रजीत सांगितलं, माझे सासरे भारतातून बघताहेत, त्यांना शेजार बघायचाय. ती मोठ्याने हसली. फोनमध्ये डोकावून "करीबू, करीबू" म्हणाली, या या म्हणतात तसं. नानांनी हात जोडले. मग ते मला म्हणाले, "इले इचार, दुपारले घरमा ऱ्हास का?"

मी नवऱ्याला सांगितलं, त्याने तिला विचारलं. दुपारी ती घरीच असते, दार उघडं ठेवून रेडिओ ऐकते, असं ती म्हणाली.

"बठ्ठं ठीक शे," नाना म्हणाले. "हेच घ्या."

"तुला?" नवऱ्याने मला विचारलं.

"चालेल."

घर ठरलं ते असं. दुसऱ्या दिवशी नानांना पोळी वाढताना माझ्या लक्षात आलं, की धुळ्याचा फ्लॅट कुठल्या भागात आहे, कितव्या मजल्यावर आहे, हे त्यांना कोणी दाखवलेलं नाही, आणि चालेल का असंही विचारलेलं नाही. भावाला तिथल्या देवपूर भागात बरा भाव मिळाला, त्याने घेतला.

"नाना, तुम्हाला धुळ्याला जायचंय ना?"

त्यांनी आधी घास संपवला. "माले काय. जठे ठेवशात तठे ऱ्हासू."

मी आणखी काही विचारायला हवं होतं. मी त्यांच्या ताटात आमटी वाढली.

आता मी साउथ बीमध्ये राहते. पाणी येतं त्या दिवशी सकाळपासून भांडी भरते. समोरची बाई दुपारी कधी उकडलेले मके आणून देते, कधी नुसतीच दारात उभी राहून जाते. घराबद्दल माझी तक्रार काही नाही. कोणी आवडलं का म्हणून विचारलं तर मी हो म्हणते, आणि ते खोटं नसतं, पण खरं आहे असंही मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

नाना देवपुरात तिसऱ्या मजल्यावर असतात. त्यांचा फोन रोज येतो.

"काय करी राहिनी?"

"कपडे वाळत घालतेय. तुम्ही?"

"पांझरा नदीवर फिरी उनू."

"कोणी भेटलं?"

"कोन भेटी?"

मग आम्ही दोघंही फोन कानाला लावून बसतो. तिकडे रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज येत राहतात. थोड्या वेळाने ते "बरं" म्हणतात, मी "बरं" म्हणते.