आईच्या खुर्चीसमोरचा कॅमेरा

आमच्या नायगावच्या फ्लॅटमध्ये कॅमेरे बसवणारा हा गृहस्थ दातांत स्क्रू धरूनच बोलतो. "दहा मिनटं कॅमेऱ्याला कोनी हलताना दिसलं नाय, की पंखा आपोआप बंद," असं त्यानेच मला समजावलं होतं. तीन महिन्यांत सत्तर युनिटं वाचली, म्हणून मी खूश होतो.

गेल्या रविवारी तो न बोलावताच आला. दारात चपला काढल्या, हॉलमधला पंखा कॅमेऱ्यावरून काढून पुन्हा साध्या बटणावर आणला आणि आईला म्हणाला, "आजी, आता निवांत जप करा. पंख्यासाठी मधेमधे हात हलवायला नको."

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"टेस्टिंगचं लॉगिन माझ्या मोबाइलमधे रायलं होतं, साहेब. त्यात आजी दिसायच्या."

तीन महिने हा माणूस माझं घर पाहत होता! खाली मान घालून त्याने माझ्यासमोर ते लॉगिन काढून टाकलं. मी तिथल्या तिथे पासवर्डही बदलला.

तो गेल्यावर मी आईवर चिडलो. "पंखा बंद पडतो, हे मला का नाही सांगितलंस?"

"तू दर महिन्याला वाचलेली युनिटं मोजून दाखवायचास," आई म्हणाली. "किती आनंदात असायचास रे."